कोंबड्यापुढे पदर, कोंबडीपुढे मोजे

आमची तांबडी कोंबडी घरात फक्त मलाच टोचते, हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. आधी मी सगळ्यांना सांगायची, "अगं, माया करते ती." मग एक दिवस पायाच्या बोटातून रक्त आलं आणि मायेचा विषय मी बंद केला.

तांबडी माझ्या नातीची. दिंडोरीच्या मामाकडून पिल्लू असताना आणलेली. नाशिकात आमच्या घरामागे चार रोपं आणि धुण्याचा दगड मावेल एवढंच अंगण, पण पोरीने तिला तिथे मांडीवर घेऊन वाढवलं. पोरीला ती कधी टोचली नाही. सूनबाईला नाही, मुलाला नाही, आमच्या ह्यांना तर नाहीच. मला मात्र रोज.

घरच्या घरात होतं तोवर सगळे हसत होते. पण त्या आठवड्यात शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या आणि तांबडीने त्यांच्या पायावर चोच मारली. काकूंनी अशी किंकाळी फोडली की मला वाटलं गॅसचा स्फोट झाला. मुलाने त्याच संध्याकाळी निकाल दिला, "रविवारी काकूंना चहाला बोलावतो. तेव्हाही टोचली तर ही परत दिंडोरीला."

दिंडोरीला परत गेलेल्या कोंबडीचं पुढे काय होतं, हे नातीला पक्कं माहीत. मामाकडचा रस्सा तिनेही ओरपलेला आहे. ती न जेवता माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, ती का टोचते ते तू शोध ना. तुमच्याकडे गावाला होत्या ना कोंबड्या?"

"होत्या म्हणजे काय! कोंबड्यांचं मला सगळं कळतं," मी छाती काढून म्हणाले.

मला काय कळत होतं ते आता सांगते.

मी पंचवटीत वाढलेली, बीए झालेली, आणि लग्न होऊन पडले सायखेड्याला. घरात सासरे, चुलत सासरे, मोठे दीर, ज्यांच्यापुढे पदर घ्यायचा अशांची रांगच होती. दारात एक कोंबडा होता. मी घागर घेऊन निघाले की हा आलाच अंगावर. मी नणंदेला रडत विचारलं, तर ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "वहिनी, तो या घरातला जुना हाय. त्याच्यापुढं पदर घ्या, मग नाय यायचा."

आणि त्या बीए झालेल्या शहाणीने घेतला की हो पदर! कोंबड्यापुढे! डोक्यावरून चांगला ऐसपैस ओढून, मान खाली घालून, त्याला बाजूने वाट देत मी जायची. गोदाकाठचा वारा, पदर फडफडायचा, कोंबडा उडी मारायचा. तो जेवढ्या उड्या मारी तेवढा मी पदर आणखी पुढे ओढी. हा मानापमान किती दिवस चालला कोण जाणे. शेवटी सासूबाईंनी पाहिलं.

"काय करती गं ही? सासऱ्यापुढं चालल्यावानी! तो पदर खोच आधी कमरेला. त्याला वाटतंय दुसरा कोंबडा पंख पसरून आलाय. आन पळू नको. पळाली की त्याला वाटतं आपण जिकलो."

पदर खोचला, पळणं सोडलं, कोंबडा निवला. नणंद मात्र अजून प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगते, आणि आता तर कोंबड्याला वाकून नमस्कारही करून दाखवते. तो मी केला नव्हता. बहुतेक नव्हता.

तर माझ्या गाठीला एवढंच शहाणपण होतं. पण आता मी घरात गाऊन घालते, फडफडायला पदरच नाही. मग ही कशाला टोचते? मी फुलाफुलांचा गाऊन सोडून साधा घातला. साबण बदलला. तांबडीशी "बाई, बाई" करून बोलून पाहिलं. ती टोचतच राहिली. हे खुर्चीतून म्हणाले, "माणूस बरोबर ओळखते हो ती."

शुक्रवारी दुपारी मी पायरीवर पाय पसरून मेथी निवडत होते. तांबडी आली, मान तिरकी केली, एका डोळ्याने निरखून पाहिलं आणि मारली चोच. आवाज आला, टक. मांसावर टक कसं वाजेल? मी खाली वाकून बघितलं. जोडवी! आदल्याच आठवड्यात टूथपेस्ट लावून घासलेली, उन्हात चमकणारी जोडवी. तिला ते दाणे वाटत असतील, नाहीतर किडे. शेजारच्या काकूंच्याही पायात जोडवी. सूनबाईच्या पायात मात्र घरातसुद्धा बंद चप्पल.

मग काढायची जोडवी? आता इथे घोटाळा. उपासतापासांना हसणारी मी, पण हात काही पायाकडे जाईना. हे म्हणाले, "काढ बिनधास्त. कोंबडीपायी जायचं नशिबात असेल तर जाईन मी." ते असं म्हणाल्यावर तर मुळीच काढवेनात. शेवटी नातीचे शाळेचे पांढरे मोजे चढवले, वर सपाता घातल्या आणि अंगणात संचलन केलं. तांबडीने पायांकडे पाहिलं आणि ती मुंग्या वेचायला निघून गेली. रात्री जेवताना मी घरभर विजय जाहीर केला.

शनिवारी सकाळी तिने माझा तळहात फोडला.

आता तर मला काहीच कळेना. हातात ना जोडवी, ना अंगठी. नात हळूच म्हणाली, "आजी, तू तिला रोज हातातून शेंगदाणे देतेस."

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितीये. आज रिकामा हात पुढे केलास."

म्हणजे हातावर चोच मारली की खाऊ मिळतो, हे तिला मीच शिकवलं होतं. सूनबाईने जखम साबणाने धुतली आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दाणे ताटलीत टाका. टोचली तर ओरडू नका, हात झटकू नका, शांत उभ्या राहा. अंड्यांवर बसली असेल तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका. आणि उचललीत तर तोंडाजवळ नेऊ नका, डोळे जपा, मग हात धुवा.

पण उचलायची कशी? मी वरून झेप घेतली, तांबडी केकाटत दगडामागे.

"वरून नाही गं आजी! वरून घार येते," नात म्हणाली. "बाजूने ये. पंख अंगाशी धर. पायाखाली हात दे."

दिवसभर आम्ही तेच केलं. दिवे लागायच्या वेळी कुठे ती माझ्या हातात गप्प बसली.

रविवारी काकू आल्या. मोजे घाला म्हणून नात त्यांना आधीच विनवून आली होती. "एवढ्या उन्हात मोजे?" असं म्हणत त्या उघड्या चपलांत आल्या, वर नखांना लाल रंग. तांबडीने मान वळवली. निघाली. नात माझा गाऊन घट्ट धरून उभी. मी बाजूने गेले, दोन्ही पंख अंगाशी धरले, पायाखाली हात दिला आणि तिला अलगद उचललं. तिचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं, का माझंच, ते सांगता यायचं नाही.

"छान," मुलगा म्हणाला. "पण आता जन्मभर हिला कडेवर घेऊन बसणार का? दे इकडे." त्याने हात पुढे केला. तांबडीने मान तिरकी केली आणि त्याच्या घड्याळाच्या काचेवर टक, टक, टक.

"मलाही?" तो हात मागे घेत म्हणाला.

"बाबा, घड्याळ काढ ना," नात रडवेली होऊन म्हणाली.

"घड्याळच दिंडोरीला पाठव," हे खुर्चीतून म्हणाले. काकू एवढ्या हसल्या की त्यांचा चहा बशीत सांडला.

मुलाने घड्याळ खिशात टाकलं. राहू दे असं तो तोंडाने म्हणाला नाही, पण संध्याकाळी तारेची जाळी घेऊन आला आणि पाहुणे आले की तांबडीला कोंडायला कोपऱ्यात एक कप्पा ठोकू लागला. नात खिळे देत होती. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तिने.

मला वाटलं, चला, उलगडलं एकदाचं. सोमवारी मोजे घालून, ताटलीत दाणे टाकून, हात मागे बांधून मी पायरीवर बसले. तांबडी दाणे टिपून आली, मान तिरकी केली आणि माझ्या घोट्यावरच्या तिळाकडे बघत राहिली.

आता तीळ कुठे काढून ठेवू? मी मोजा वर ओढला.