मस्टरवरचा हमाल

"दुकानात काय काम करता?" कोर्टात आरोपीच्या वकिलानं मले विचारलं.

मी शेटकडे पाह्यलं. शेट मागच्या बाकावर बसले होते. आरोपी त्यायचा लहान भाऊ.

"हमाल आहो, साहेब."

"कॉम्प्युटर समजते?"

"नाही, साहेब."

कोणीतरी खी खी हसलं. वकील म्हणे, "पोती उचलणारा माणूस पेनड्राइव्हची साक्ष द्यायले आणला!" मी मान खाली घालून उभा. साफ खोटं बोललो होतो. मी बारावी पास. बियाण्याच्या त्या दुकानात सहा वर्षं बिलं मीच केली, क्यामेऱ्याचं मशीनही मीच सांभाळलं. पण मस्टरवर हमाल. गिऱ्हाईक आलं की शेट म्हणत, "ऊठ बे खुर्चीवरून, लोक पाहून राह्यले." अन् मी उठत होतो.

झालं होतं असं. वडनेरची काशीमावशी बीटी कपाशीचं रिकामं पाकीट घेऊन दुकानात आली. बी उगवलंच नव्हतं. "दुसरं द्या, नाहीतर तसं लिहून द्या," एवढंच ती म्हणाली. शेटच्या भावानं तिले पायरीवरून ढकललं. हात मोडला तिचा. क्यामेऱ्यात सारं आलं. पोलिसाले पेनड्राइव्ह मीच भरून दिली. हवालदारानं एक छापील कागद दिला. मशीन कोण चालवते, नक्कल कोणी काढली, हे भरून सही करायची. त्या प्रमाणपत्राबिगर कोर्ट चित्र पुराव्यात धरत नाही म्हणे.

शेट म्हणाले, "सही करू नको. मी सांगतो तव्हा कर."

कागद मी ड्रॉवरमध्ये बिलबुकाखाली ठेवला. दोन वर्षं. रोज बिलबुक काढलं, रोज तो कागद दिसला. सांगताना आजही लाज वाटते. नोकरी जाईन, या भेवानं मी गप्प बसलो.

साक्ष झाल्यावर व्हरांड्यात मावशी भेटली. हात वाकडाच जुळलेला. वाटलं, आता शिव्या भेटतीन. ती हळूच म्हणाली, "बाबू, त्या दिवशी मले उचलून रिक्षात तूच बसवलं ना? मंग आज असा काऊन बोलला रे?"

मले तोंड लपवायले जागा नव्हती. तसाच निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, शेट होते. मी खुर्चीवर बसलो. कागद काढला. मशीन चालवणारा, असं छापलं होतं तिथं माहं नाव लिहिलं. सही केली.

"नोकरी गेली समज," शेट म्हणाले.

"समजलो."

सरकारी वकिलानं कागद पाहून कपाळाले हात लावला. "आता आणला? अरे, केव्हाचा मागून राह्यलो आम्ही! बरं, खटला संपला नाही. तुले परत साक्षीले बोलवायचा अर्ज देतो. पण आधी खोटं बोललो, हे कबूल करावं लागेल. सोलून काढतील तुले. तुह्यावरच केस होऊ शकते."

"होऊ द्या."

अर्जावर अजून हुकूम नाही. कोर्ट कागद घेईल, की उशीर झाला म्हणून फेकून देईल, कोणाले माहीत. उशीर माह्या भेकडपणाचा, अन् वाकडा हात मावशीचा. प्रत्येक तारखेले मी जातो अन् तिच्याशेजारी बसतो. वकिलानं खुशाल पुन्हा विचारावं, हमाल का? हाव, हमाल. पोती मी उचलली. मशीनही मीच चालवलं. अन् त्या दिवशी खोटं बोलला, तोही मीच.