दसऱ्याच्या दिवशी चाललेलं यंत्र

डॉ. भालेकरांच्या खांद्यावर शाल पडली आणि माझ्या खिशातला मोबाइल थरथरला. मेसेज होता, ‘सर, बातमी छापू नका. दोन्ही ग्राफ एकच आहेत.’ मी मान वर केली. स्टेजच्या कडेला प्राजक्ता विधाते उभी होती, डॉ. भालेकरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिने फोन ओढणीखाली सरकवला, पुष्पगुच्छांचं तबक उचललं आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पाहुण्याकडे गेली.

हे कॉलेज नाशिकहून सिन्नरकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, तिथे अजून मुलं शिकतात.

मी एका मराठी दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत काम करतो. महापालिका, गुन्हे, कांदा-द्राक्ष अशी वजनदार खाती वाटून झाल्यावर विज्ञान उरलं. ‘तुझं बी.एस्सी. फिजिक्स ना? मग हे तुझं,’ असं निवासी संपादक गायधनी साहेब म्हणाले आणि चहा मागवला. तेव्हापासून ग्रहण लागलं की शहर मला फोन करतं. गरोदर बाईने त्या वेळात भाजी चिरावी का, हेही मलाच विचारतात.

सत्कार कशाचा होता ते सांगतो. कुठल्याही तारेतून वीज जाताना थोडी वाया जाते आणि तार गरम होते. तारेच्या या अडवणुकीला रेझिस्टन्स म्हणतात. काही पदार्थ मात्र भयंकर थंड केले की अडवणूक पार थांबवतात. हे सुपरकंडक्टर. त्यासाठी लागणारी थंडी इतकी महाग असते, की वाचलेली वीज परवडत नाही. डॉ. भालेकरांचा शोधनिबंधातला दावा असा, की त्यांनी बनवलेले दोन पदार्थ घरच्या फ्रीजरच्या थंडीतच हा चमत्कार करतात. खरं असतं तर जग बदललं असतं. आमच्याकडे फ्लेक्स लागला, त्यात डॉक्टरांच्या डोक्यामागे अणू फिरत होते.

दुसऱ्या दिवशी नाशिक रोडला स्टेशनसमोरच्या टपरीवर प्राजक्ता भेटली. तिने फोनवर दोन ग्राफ दाखवले.

“हा पहिल्या पदार्थाचा, हा दुसऱ्याचा. सर, रेषेवरची ही बारीक थरथर बघा.”

या थरथरीला नॉइज म्हणतात. यंत्र मोजत असताना शेजारून कुणी चालतं, विजेचा दाब हलतो, त्याने आकडे जरासे वरखाली होतात. ती थरथर दोनदा सारखी येत नाही. ज्वारीच्या दोन भाकरींवर सारखेच डाग पडत नाहीत, तसंच. इथे पदार्थ वेगळे, महिने वेगळे, पण डाग मात्र ठिपक्याला ठिपका जुळत होते.

“मग तू सरांना विचारलंस?”

“विचारलं. ते म्हणाले, निसर्गात सौंदर्य असतं.”

“आणि?”

“आणि आता चौकशी समिती बसलीये. बाहेरच्या कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं म्हणून. अहवालाचा मसुदा ऑफिसात टाइप होऊन पडलाय. त्यात लिहिलंय, विद्यार्थिनीने चुकीचा ग्राफ चिकटवला. माझं रजिस्ट्रेशन रद्द करणारेत, सर. वडिलांना काय सांगू? ते म्हसरूळच्या सगळ्या भावकीला सांगून बसलेत, पोरगी डॉक्टर होतीये म्हणून. गुडघे दाखवायला लोक आत्ताच येतात.”

ती हसली, पण चहा तिने तसाच ठेवला होता. मला राग आला. रागाची बातमी होत नाही, म्हणून मी कामाला लागलो.

आधी समितीकडे गेलो. समितीत तीन तज्ज्ञ. एक त्याच शोधनिबंधाचे सहलेखक, एक डॉ. भालेकरांचे गुरू आणि तिसरे इतिहासाचे प्राध्यापक, कारण नि:पक्षपाती माणूस हवा होता. पहिल्या बैठकीचा पहिला विषय ‘समिती सदस्यांचा सत्कार’ असा होता. सत्कार करायला डॉ. भालेकर होते.

यात कुणाला विचित्र वाटलं नाही, याचं कारण आपलं धोरण. कॉलेजचा दर्जा किती शोधनिबंध छापले यावर ठरतो. द्राक्षाचे घड मोजायचे, मणी कुणी तोंडात टाकून बघायचा नाही. मग मणी लाकडाचे निघाले तर दोष कुणाचा?

डॉ. भालेकर मात्र निर्धास्त होते. त्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि दुसऱ्या पदार्थाचा रॉ डेटा सादर केला. रॉ डेटा म्हणजे यंत्राने जसे दिले तसे आकडे, हात न लावलेले, तारखेसकट. आणि तारीख त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचून दाखवली.

“दसरा! लोक सोनं वाटत होते, तेव्हा आमच्या लॅबमध्ये मोजणी सुरू होती. माझ्या विद्यार्थिनीने ती केली. मेहनती आहे, पण नंतर घाईत कुठला ग्राफ कुठे लावला, तिलाच ठाऊक. मी तिला माफ केलंय.”

टाळ्या पडल्या. मी बाहेर येऊन प्राजक्ताला फोन लावला.

“दसऱ्याला मी लॅबमध्ये?” ती जवळजवळ ओरडलीच. “सर, आमची झेंडूची शेती आहे. दसऱ्याला आमच्या घरातलं मांजरसुद्धा फुलांच्या ढिगावर असतं! मी पहाटेपासून बाजारात होते. आणि यंत्र चालणार कसं? आदल्या दिवशी त्याची पूजा झालेली. हार आमच्याच शेतातल्या फुलांचा. मीच ओवला होता.”

इथे माझ्या डोक्यात घंटी वाजली.

सातपूरच्या कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रं पुसून, हार घालून, नारळ फोडून बंद ठेवतात. एकदा पूजा झाली, की दसरा उलटेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. डॉ. भालेकरांच्या लॅबमध्येही तसंच. हे मला प्राजक्ताने सांगायच्या आधीपासून माहीत होतं, कारण खुद्द डॉक्टरांनी मला फोटो पाठवला होता. ते स्वतः, शेजारी हातात नारळ घेतलेले संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब, मध्ये झेंडूत बुडालेलं मोजणीयंत्र आणि त्याचा काढून ठेवलेला प्लग. खाली मजकूर: ‘विज्ञान आणि संस्कृती हातात हात घालून. दसरा होईपर्यंत यंत्राला विश्रांती.’ छापा म्हणून त्यांनी इतके फोन केले, की शेवटी आम्ही छापला होता.

गायधनी साहेबांपुढे मी तो अंक ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

“म्हणजे यंत्र बंद होतं, तरी आकडे आले?”

“हो.”

“हे छान आहे. पण आधी त्याचं म्हणणं घे. दोन्ही बाजू.”

आमच्या धंद्यातला हा नियम कंटाळवाणा वाटतो. ज्याच्यावर बातमी आहे, त्याला छापण्याआधी विचारायचं. निम्मी बातमी बऱ्याचदा तिथेच मिळते. मी डॉ. भालेकरांना फोन केला.

“सर, दसऱ्याला यंत्र बंद होतं ना? तुमचाच फोटो आहे.”

आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. यंत्र बंद होतं म्हणावं, तर आकडे कुठून आले? चालू होतं म्हणावं, तर विज्ञान-संस्कृतीचा हातातला हात सुटला.

“हे बघा,” ते अखेर म्हणाले, “संशोधकाला विश्रांती नसते. मी मनोमन क्षमा मागितली, हार बाजूला केला आणि यंत्र चालू केलं.”

“आणि मोजणी प्राजक्ताने केली?”

“छे, ती कुठली? ती फुलं विकत होती. मी एकटा होतो. पूर्ण मोजणी माझी. ग्राफही मीच काढला त्याच दिवशी. संस्कृतीपेक्षा सत्य मोठं, असं छापा.”

“तुमच्या नावाने छापू?”

“अवश्य! फोटोसकट.”

मी फोटोसकट छापलं. त्यागाच्या भरात त्यांनी मोजणीही स्वतःची सांगितली होती आणि ग्राफही. मग विद्यार्थिनीने काय चिकटवलं? समितीच्या मसुद्याखालची जमीनच गेली.

सकाळी अण्णासाहेबांचा फोन आला. मला वाटलं, बनावट आकड्यांनी ते हादरले असतील.

“अहो पत्रकार, हे खरं हाय का? नारळ मी माझ्या हातानं फोडला. आन ह्यानं दुसऱ्याच दिवशी हार काढून बटण दाबलं?”

“अण्णा, मुख्य प्रश्न ग्राफचा आहे. थरथर सारखी आहे.”

“थरथर मला काय कळत नाय. पूजा मोडली हे कळतं. लय वाईट केलं यानं.”

डॉ. भालेकरांना विभागप्रमुखपदावरून काढलं. आदेशात कारण दिलं होतं, ‘संस्थेच्या परंपरेचा अवमान’. आकड्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. समितीने मसुदा मागे घेतला आणि समारोपाला पुन्हा सत्कार करून घेतला. डॉक्टर आता दुसऱ्या एका संस्थेत आहेत. तिथे त्यांचं व्याख्यान झालं, विषय ‘संशोधनातील नीतिमत्ता’.

प्राजक्ताचं रजिस्ट्रेशन वाचलं. तिला नवीन मार्गदर्शक मिळाल्या. तिने तेच दोन पदार्थ पुन्हा बनवले, त्याच यंत्रावर नव्याने मोजले आणि मला ग्राफ पाठवले. दोन्ही रेषा आपापल्या परीने थरथरत होत्या. तार गरम होत होती, वीज वाया जात होती, चमत्कार कुठेच नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘सर, काहीच सापडलं नाही. पण हे माझं आहे.’

मी तो ग्राफ गायधनी साहेबांना दाखवला.

“काहीच सापडलं नाही, ही काय बातमी झाली?”

“साहेब, त्या कॉलेजातून आलेली ही पहिली खरी बातमी आहे.”

त्यांनी एका कॉलमची जागा दिली, आतल्या पानावर, फुलांच्या बाजारभावाखाली. म्हसरूळला तो अंक सगळ्यांनी वाचला, कारण त्या दिवशी झेंडूला भाव चांगला होता.