भिकूची हाक

आमच्या कुंपणापाशी आलं की भिकू आजही थांबतो आणि ओरडतो, "माणूस आहे हो, माणूस!" मगच आत येऊन चहा पितो.

पूर्वी गावात भेकरांची पारध निघायची. हाकारे रान उठवायचे आणि बंदूकवाल्याने आपली ठरलेली जागा सोडायची नाही, असा दंडक होता. ज्याचा बार आधी लागेल, जनावराचं मुंडकं त्याचं. त्या मानासाठी मी एकदा जागा सोडून शेजारच्या सखारामच्याही पुढे सरकलो. करवंदीची जाळी हलली. भेकरच, म्हणत मी बार काढला, आणि जाळीतून हाकाऱ्या भिकू किंचाळला. मानाची भूक लागली की डोळ्यांना हवं तेच दिसतं.

छर्रे त्याच्या खांद्यात घुसले होते. "बार कुणाचा?" सगळे विचारू लागले. मी सखारामकडे बोट दाखवलं. भिकू माझ्याकडे बघत राहिला.

परवा मी म्हटलं, "अरे, बंदूक कधीच गेली. आता कशाला ओरडतोस?"

"सवय हो, दादा," तो हसला.

सखारामच्या अंगणात मात्र तो मुकाट्याने शिरतो. मी रोज ओटीवरून बघतो.