शिंगाड्यापुढं दत्तोबा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एकदा म्हैस सुटली, तेव्हा हमाल, अडते, गिऱ्हाइकं, ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो चढून बसला. दत्तोबा तेवढा फ्लॉवरचं रिकामं क्रेट छातीशी धरून तिच्या पुढ्यात उभा राहिला. म्हैस आली, क्रेटला थडकली, दत्तोबा मागं घसरला पण पडला नाही. मग म्हशीलाच काय वाटलं कोण जाणे, ती वळून कांद्याच्या गाळ्याकडं गेली.

"पळाला का न्हाईस?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "पाठ दावली की जनावर जास्त चेवतंय."

माणसांच्या बाबतीतही त्याचं तेच होतं. जमिनीची मोजणी असो, भावकीतलं भांडण असो, दत्तोबा पुढं उभा. हडपसरच्या पलीकडं मांजरीच्या बाजूला त्यांचं रान होतं. तिथं आता उंच इमारती आहेत, आणि राहिलेल्या तुकड्यावर दत्तोबाचं दुमजली घर. रान गेलं, बायको सुशीलाबाई गेली, आणि साठी ओलांडलेल्या या माणसाला कुणापुढं उभं राहावं असं काही उरलंच नाही.

त्यात जिन्यात पाय घसरून त्याचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला रबरी चेंडू दाबायला सांगितला. "चेंडू दाबत बसाया मी काय तान्हं लेकरू हाय?" म्हणून त्यानं तो सोफ्याखाली भिरकावला. तेव्हा पोरानं, पृथ्वीराजनं, त्याच्या हातात टीव्हीच्या गेमचा रिमोट दिला. "आबा, हे दाबा. बोटंही हलतील आणि तोंडही जरा कमी चालेल."

गेम तिघांनी मिळून खेळायचा होता. जुना कुठला तरी मुलूख, किल्ले, जादू, राक्षस. एक ढालवाला, त्यानं मार खायचा. एक तलवारवाला, त्यानं मार द्यायचा. आणि एक वैदीण, तिनं लांबून मंत्र टाकून दोघांच्या जखमा भरायच्या. ढाल दत्तोबाकडं आली हे सांगायलाच नको. तलवार पृथ्वीराजकडं. वैदीण झाली सून रुपाली.

रुपाली अमरावतीकडची. पुण्यात नोकरीला आली, पृथ्वीराजच्या ऑफिसात भेटली, दोघांनी ठरवून लग्न केलं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, वऱ्हाडातली पोरगी, ऑफिसात जाणारी, हिला काय रीतभात असणार. तेवढं एक वाक्य तिच्या कानावर पडलं, आणि या घरची रीत तिनं भावकीतल्या सुनांपेक्षाही घट्ट धरली. सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. त्याला 'हे करा, ते करा' तर नाहीच नाही. जे काही सांगायचं ते सासूला सांगायचं, सासूनं पुढं पोचवायचं. दत्तोबाही त्याच मातीतला. स्वयंपाकघराच्या दारात खाकरायचं आणि भिंतीकडं बघून म्हणायचं, "चहा झाला का म्हणावं." सुशीलाबाई गेल्यावर हे निरोपाचं काम पृथ्वीराजकडं आलं. तो घरात नसला की दोघंही हवेशी बोलायची. रागलोभ काही नव्हता. दोघंही आपापल्या परीनं एकमेकांचा मान ठेवत होती.

गेममध्ये बरेच महिने हे खपून गेलं. अडलं ते शेवटच्या दरवाजाशी. तिथं एक राक्षस होता, धड माणसाचं, डोकं रेड्याचं. त्याचं इंग्रजी नाव दत्तोबाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यानं त्याचं बारसं केलं, शिंगाड्या. या शिंगाड्यानं तिघांना इतक्यांदा तुडवलं, की पृथ्वीराजनं शेवटी जेवणाच्या ताटावरच डाव मांडला.

"ही चटणीची वाटी म्हणजे शिंगाड्या," तो म्हणाला. "आबा, तुम्ही हा कांदा. त्यानं खूर आपटला, ढाल धरा. शिंग फिरवलं, ढाल धरा. तुम्ही त्याचं तोंड तुमच्याकडं ठेवलंत की मी मागून हाणणार. इथवर आपल्याला जमतंय. पण त्याच्या नाकपुड्या लाल झाल्या, की तो धावून येतो. ती धडक ढालीवर घ्यायची नाही."

"मग कशावर घ्यायची?"

"घ्यायचीच नाही. खांबामागं सरकायचं. तो खांबाला धडकतो, भेलकांडतो, तेवढ्यात आपण दोन्हीकडनं हाणायचं. पुढं त्याच्या सावल्या निघतात, त्या वैदिणीला धरतात. तेव्हाही तुम्ही जागा सोडायची नाही."

"नाकपुड्या मला कुठं दिसत्यात? ढालीआड असतो मी."

"म्हणूनच इशारा रुपाली देणार. ती लांब असते, तिला सगळं दिसतं."

रुपाली भाकरी थापत होती. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

इशारा ती द्यायची, पण कसा? दत्तोबा पुढं सोफ्यावर, ती मागं जेवणाच्या टेबलापाशी. शिंगाड्याच्या नाकपुड्या लाल झाल्या, की ती नवऱ्याला हळूच म्हणायची, "अहो, मामाजींना सांगा ना, मागे व्हा म्हणून."

"आबा, मागं व्हा."

"आं?"

तोवर शिंगाड्या दत्तोबाला आडवा करून पुढं गेलेला असायचा.

"आबा, आपण मेलात," पृथ्वीराज म्हणायचा. "पुन्हा. त्याला आता आपला चेहरा पाठ झाला असेल."

"मी मागं सरलो न्हाई एवढं तरी बघ."

"तेच बघतोय. रोज तेच बघतोय."

अशात पृथ्वीराजला कंपनीनं वर्षभरासाठी हैदराबादला पाठवायचं ठरवलं. रुपालीची नोकरी इथं, तिला हलता येत नव्हतं. दत्तोबानं मनाशी विचार केला. पोरगा गेल्यावर घरात सासरा आणि सून, मधे बोलणारं कुणी नाही. मुक्यानं किती राहायचं? ती पोर बिचारी ऑफिसातनं दमून येणार आणि माझ्यापायी पुन्हा अवघडून बसणार. त्यानं पोराला सांगून टाकलं, "मी भाग्यश्रीकडं कात्रजला जातो. वर्षाचा तर प्रश्न हाय. सुनेला माझं जड नको."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. दत्तोबाला वाटलं, सुटकेचा श्वास सोडला असेल पोरीनं. त्यात तिचं काही चुकतंय असंही त्याला वाटलं नाही. पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. कात्रजला लेक जीव लावायची, जावईही भला होता. तरी तिथं तो पाहुणा असणार होता, आणि वर्षभर पाहुणा म्हणून राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं. हे सांगायचं कुणाला? सुशीलाबाई असती तर तिनं न सांगताच ओळखलं असतं आणि वर दोन शब्द सुनावले असते.

पृथ्वीराज गेला. पुढच्या रविवारी संध्याकाळी जावई गाडी घेऊन दत्तोबाला न्यायला येणार होता. दुपारी पृथ्वीराजनं हैदराबादहून फोन लावला. "आबा, पिशवी भरली असेल तर बसा. मीही इथून खेळतो. शिंगाड्याला शेवटचा नमस्कार करून जा."

बसले तिघं, एक तिकडं, दोघं इकडं. पृथ्वीराजचा आवाज टीव्हीतून येत होता. खूर, ढाल. शिंग, ढाल. बरं चाललं होतं. आणि मधेच टीव्हीतला आवाज चिरकला, "आबा, माझं नेट..." एवढंच ऐकू आलं. पडद्यावरचा तलवारवाला पुतळ्यासारखा उभा राहिला आणि शिंगाड्यानं त्याला जाता जाता चिरडलं.

"गेलं वाटतं," दत्तोबा म्हणाला, टीव्हीला उद्देशून.

शिंगाड्या वळला. दत्तोबानं ढाल सावरली.

"खांबामागे गेलेलं बरं असतं," मागून हवेत आवाज आला.

हे आपल्याला म्हणाली का पोराला म्हणाली, का आपलं नुसतंच, हे दत्तोबाला कळेपर्यंत धडक बसली. तो उडून भिंतीला आदळला. रुपालीचा हिरवा मंत्र अंगावर पडला म्हणून धुगधुगी राहिली. तो उठला आणि सवयीनं पुन्हा जाऊन त्याच जागी उभा राहिला.

"मामाजी, खांबामांगं."

दत्तोबाची मान वळायला लागली.

"माझ्याकडे कायले पाह्यता? खांबामांगं जा म्हणते ना. काऊन तिथंच उभे राह्यता रोज?"

दत्तोबाचं डोकं चालायच्या आधी अंगठा चालला. ढालवाला खांबाआड गेला. शिंगाड्या आला तो थेट खांबावर, गरगरला, गुडघ्यावर बसला.

"आता हाणा," रुपाली म्हणाली. "हाणा, हाणा. बस. निघा मांगं."

सुशीलाबाई गेल्यापासून त्याला असं कुणी दरडावलं नव्हतं. पोरगा टोमणे मारायचा, भावकी मान द्यायची. दत्तोबाला राग यायला हवा होता, आणि तो यायची वाटही त्यानं जराशी बघितली.

तलवार नव्हती, त्यामुळं वेळ लागत होता. ढालीच्या कडेनं हाणून हाणून शिंगाड्याचं रक्त अर्ध्यावर आलं, आणि त्याच्या अंगातून सावल्या निघाल्या. त्या सरळ वैदिणीच्या मागं लागल्या. दत्तोबानं ढाल टाकल्यासारखं केलं आणि तिकडं धावला.

"मले नका पाहू जी, मी पळते माझी," रुपालीचा आवाज चढला. "तुम्ही त्याले सोडलं ना, तर दोघंही मरतो. जागा धरा."

ती पळत राहिली, दत्तोबा जागा धरून राहिला. पळताना जमेल तसा ती त्याच्यावर मंत्र टाकायची. ती 'मांगं' म्हणाली की तो मागं, 'पुढं' म्हणाली की पुढं. मागं सरलं तरी शिंगाड्या काही जास्त चेवला नाही, उलट खांबावर आपटून आपटून त्याचीच शिंगं मोडली. मग एकदा तो खाली बसला आणि उठलाच नाही. दरवाजा करकरत उघडला. दत्तोबा ढाल धरूनच होता.

"झालं, मामाजी," रुपाली म्हणाली. "मेला तो."

आपण काय बोलून बसलो हे रुपालीला आत्ता कळलं असावं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. दत्तोबा पडद्यावरच्या उघड्या दरवाजाकडं बघत बसला. जावई यायची वेळ होत आली होती. तो आत गेला, पिशवी आणली आणि दाराशी ठेवली.

रुपाली बाहेर आली. पिशवीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. डोळ्याला डोळा देऊन ती पहिल्यांदाच बघत होती.

"जायलेच पाहिजे का?"

"तुला जड व्हईल, म्हणून..."

"मले जड होईन का नाही, हे मले विचारलं कोणी? तुमी बापलेकांनीच ठरवलं."

दत्तोबानं पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ चाचपली. बोलणं खरं होतं. सगळ्यांनी तिचा मान राखला होता, विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "आता इचारतो. व्हईल का जड?"

"नाही होत." ती थांबली. "रिकामं घर जड होते. ऑफिसातून आल्यावर दार कोणी उघडलं, तर बरं वाटते."

"आणि भावकीतल्या बाया काय म्हणत्याल?"

"त्या आताबी म्हणतातच."

दत्तोबाला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. रुपालीनं तोवर फोन लावलाही होता. पलीकडं भाग्यश्री बरंच बोलत होती. तिनं खोली आवरली होती, नवी चादर घातली होती. रुपाली ऐकून घेत होती, आणि मधे मधे, "नाही ताई, मामाजींना पाहुणे म्हणून बोलवा की, पण राहायला नाही," असं शांतपणे सांगत होती. शेवटी भाग्यश्री काहीतरी म्हणाली आणि रुपाली हसली.

"काय म्हणती?" दत्तोबानं विचारलं.

"म्हणतात, ठेवून घ्या, पण आबा घोरतात."

"तीच घोरती."

त्यानं पिशवी उचलून खोलीत नेली आणि सदरे एकेक करून कपाटात लावायला घेतले. एकाचं वरचं बटण तुटलं होतं. तो सदरा हातात घेऊन तो बाहेर आला आणि स्वयंपाकघराच्या दारात न खाकरता उभा राहिला. "पोरी, याचं बटण गेलंय."

"सुई-दोरा टीव्हीखालच्या खणात हाय," रुपाली चहाचं आधण टाकता टाकता म्हणाली. "लावा तुमचं तुमी. बोटांना तेवढाच व्यायाम."