राहीने बंद केलेला डोंगर

कुंभळवाडीच्या राही मेंगाळशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं. मी तेव्हा शेणव्याच्या बाजूला नर्स म्हणून नवी लागले होते, वाशिंदहून ये-जा करायचे. रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन डोंगरावरच्या त्या ठाकरवाडीत चढले, तर राहीने एक गोळी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "बाय, ही जेवल्यावर खायची ना? मंग जेवन पन आनायचं की सोबत."

"जेवण माझ्या पिशवीत नाही, गोळी आहे. मिळतंय ते गीळ," मीही सुनावलं. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आई म्हणायची. राहीच्या जिभेलाही नव्हतं. तेव्हापासून आमचं जमलं.

वाडीच्या वरच्या डोंगराला लोक बोडका म्हणायचे. हे नाव काही जुनं नव्हतं. राही लग्न होऊन आली तेव्हा तिथे ऐन, किंजळ, धावडा असं दाट रान होतं. मग कोळसा पाडणारा ठेकेदार आला आणि मोठी झाडं घेऊन गेला. उरलेल्याची वाट वाडीनेच लावली, हे राही कुणापासून लपवायची नाही. नागलीचं रोप करायचं तर राब भाजावा लागतो. फांद्या तोडून वाळवायच्या, शेणाबरोबर जमिनीवर पसरून जाळायच्या आणि त्या भाजलेल्या मातीत पेरायचं, नाहीतर गवत रोपाला वर येऊ देत नाही. त्यात जुना दंडक असा, की फांद्या घ्याव्या पण शेंडा ठेवावा, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. झाडं कमी झाली तसा जो तो म्हणू लागला, मी शेंडा ठेवला तर उद्या शेजारी नेणारच आहे, मग मीच का नेऊ नये? असे सगळ्यांनी मिळून शेंडे नेले. पुढच्या काही पावसाळ्यांत माती ओढ्याला लागली आणि डोंगराचा कातळ उघडा पडला.

माती गेली ती एकटी गेली नाही. नागली निम्म्यावर आली. शेवळं, करटोली, कंद ताटातून गेले आणि राहिला तो रेशनचा तांदूळ आणि मीठ-मिरची. झरा माघातच आटायचा, मग बायका खाली भातसा धरणाच्या फुगवट्यापर्यंत उतरायच्या आणि भरलेले हंडे डोक्यावर घेऊन चढायच्या. तेच पाणी पुढे मुंबईला जायचं, आणि तिथे म्हणे नळ फिरवला की यायचं. अंघोळीला पाणी नाही म्हणून पोरांना खरूज. बायकांच्या पापण्या खाली ओढून बघाव्यात तर आत लाल असं काही नाहीच. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर निघून जायची, आणि होळीला परतायची ती खोकत.

राहीची सून मालू अशीच भट्टीवरून आली आणि सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मूल एक रात्र जगलं. मी दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा राही अंगणात बसली होती, हाताला माती लागलेली.

"बाय," ती म्हणाली, "पोराला पुरायला खड्डा होईना गो. हातभर खनलं की कातल. तीन जागी खनलं."

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी रडले. ती मात्र रडली नाही. तिने मान वर करून डोंगराकडे पाहिलं आणि तिथेच काहीतरी ठरवलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, ती वाडीच्या बुधू भगताला घेऊन बोडक्यावर गेली. वाडीतलं लहानथोर मागून. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बुधूने एक धोंडा उभा केला, शेंदूर लावला आणि वाघोबा बसवला. मग राहीने बोलून दाखवलं, की या धोंड्यापासून वरचं सगळं रान देवाचं. इथे जो कोयता चालवील त्याचा भारा देवापाशीच कुजेल, आणि त्या साली त्याच्या घराने राब भाजायचा नाही. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं, पण एकेकाने पुढे होऊन धोंड्याला हात लावून कबूल केलं. ज्याला राब हवा त्याने पलीकडच्या रानात चालत जावं, शेंडा ठेवावा, असं ठरलं.

मला हे काही रुचलं नाही. आमच्या घरातले देव आजोबांनी छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर ओढ्यात सोडून दिले, ते परत काढायची आम्हांला गरज पडलेली नाही. मी तिला म्हटलं, "दगडाला शेंदूर फासून माती परत येते काय?"

"धोंडा काय करतोय? मानसं थांबतील. फॉरेस्टच्या गार्डाला चुकवता येतं गो, तो घरी जातो जेवायला. वाघोबा कुटं जातो?"

आणि माणसं थांबली खरी. सगळीच नाही. दुसऱ्याच वर्षी जनाबाईच्या डोक्यावर देवाच्या रानातला भारा सापडला. जनाबाई म्हणजे वाडीची सुईण. वाडीतली निम्मी लेकरं तिच्या हातात जन्मलेली, राहीचा मुलगा, मालूचा नवरा बारकूसुद्धा. राहीने तिची गय केली नाही. भारा खाली ठेवायला लावला, राब बंद केला. जनाबाईची नागली त्या साली गवतात गेली आणि म्हातारपणी तिला भट्टीवर जावं लागलं. त्यानंतर तिने राहीशी बोलणं टाकलं. पाण्याच्या वाटेवर दोघी समोरासमोर आल्या तर जनाबाई वाट सोडून करवंदीच्या जाळीतून जायची, ओरखडे आले तरी चालतील.

डोंगर मात्र जीव धरू लागला. बुंध्यांना फुटवे आले, गवत उभं राहिलं, पावसाचं पाणी लाल व्हायचं कमी झालं. झरा फाल्गुनापर्यंत पुरू लागला. फार काही नव्हतं, पण फाल्गुनापर्यंतचं पाणी म्हणजे काय ते हंडा वाहणारीला विचारावं.

मालूला पुन्हा दिवस राहिले तेव्हा ही अशी परिस्थिती होती. रक्त अजूनही कमीच. मी राहीला बजावलं, "हिला भट्टीवर पाठवशील तर माझ्याशी गाठ आहे. नागली घाल, भाजी घाल, ओझं नको." राहीने मान डोलावली. तिचं सगळं लक्ष आता त्या एका पोटावर होतं.

आणि बारकूने घात केला. पोरगा वाईट नव्हता. मालूला एकटी सोडून पलीकडच्या रानात जायला त्याचं मन होईना. यंदा नागली चांगली आली पाहिजे म्हणून त्याने जवळचं रान गाठलं. मी मालूला तपासत होते तेव्हा तो भारा घेऊन उतरला. हिरव्यागार फांद्या, वर ऐनाचे दोन शेंडे.

राही उठली. "कुटला रे?"

"आये, मालूसाटीच..."

"कुटला विचारलं."

त्याने मान खाली घातली. शेजारपाजारची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. जनाबाईही होती, आपल्या ओट्यावर.

"ने. देवापाशी टाक," राही म्हणाली. "औंदा आपला राब नाय."

मी तापले. "राही, डोकं ठिकाणावर आहे का? तिच्या पोटात पोर आहे. कोंबडा दे तुझ्या वाघोबाला आणि राब भाजू दे!"

"बाय, जनाला कोंबड्यावर सोडली व्हती का मी?" ती जागची हलली नाही. "माज्या घरचा कोयता चालला तर उद्या कुनाचा हात धरू?"

मी पिशवी उचलली आणि चिडून खाली उतरले. राही बरोबर होती हे मला आजही अर्धंच पटलेलं आहे.

राबावाचून पेरलेलं रोप जसं यायचं तसंच आलं, पिवळं आणि गवताने गिळलेलं. लावणीच्या दिवसांत मी वाडीत गेले तर राही आणि बारकू उतारावरच्या मोकळ्या वरकस जमिनीत उभे, हातात जेमतेम ओंजळभर रोपं. उरलेलं रोप मागायचं तर भाऊबंदांकडे शब्द टाकायचा, अशी रीत. राही शब्द टाकणाऱ्यांतली नव्हती.

तेवढ्यात बांधावरून जनाबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत नागलीच्या रोपांच्या मुठी. तिने पाटी राहीच्या पायाशी आदळली. "मालूसाटी आनली. तुज्यासाटी नाय," एवढंच म्हणाली आणि पदर खोचून लावायला वाकली. मग बुधू भगताच्या घरून रोपं आली, मग खालच्या आळीतून. दुपारपर्यंत बांधावर मुठींची रास लागली. राहीला काय करावं सुचेना. शेवटी ती सगळ्यांवर ओरडायला लागली, की रोपं दाट लावू नका.

दिवाळीच्या आधी नागली घरात आली. मालूने भाकरी खाल्ली, आंबील प्यायली, गोळ्याही गिळल्या. कळा सुरू झाल्या तेव्हा मी होते आणि शेजारी जनाबाई. ती कुणी न बोलावताच आली होती. पोरगी झाली, पूर्ण दिवसांची, आणि रडली ती अशी की बाहेर बारकू दचकला.

राही दाराशी उभी होती. ती जनाबाईला म्हणाली, "जना, रोपं का गो दिलीस? मी तुजा राब बंद केला व्हता."

जनाबाई पोरीला पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"बारकूला सोडतेस का, ते बघत व्हते. सोडला असतास ना, तर दुसऱ्या दिशी अख्ख्या वाडीनं डोंगूर पुन्ना बोडका केला असता. मी तर कोयत्याला धार लावूनच ओट्यावर बसले व्हते."