जांभळाच्या बिया आणि आईच्या बंद गोळ्या

मंडळी, आज सकाळी आई बाथरूमच्या दाराशी मटकन बसली. उठताच येईना. रिक्षानं दवाखान्यात नेलं, तर शुगर पाचशेच्या वर.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेता ना?"

आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दोन महिने झाले, बंद केल्या."

"काहून वं आई?"

"शेजारच्या काकूनं पावडर देल्ली ना. जांभळाच्या बिया, मेथी, गुडमारचा पाला. म्हणे, आता गोळीची गरज नाही."

जांभळाच्या बिया आईही दरवर्षी वाळवून कुटायची. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यासाठी तिनं गोळी कधी सोडली नव्हती.

मी तिथूनच काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घाबरू नको वं, शरीरातलं जहर बाहेर निघून राहिलं. डबल डोस दे तिले." समोर आईला सलाइन लागलं होतं. मी फोन ठेवून दिला.

काकूंचा राग येतोच, पण स्वतःचा जास्त येतो. दोन महिन्यांपूर्वी आईनं मला त्या पावडरीचा डबा दाखवला होता. मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "घे ना, जडीबुटीच तर आहे."

आई आता बोलतेय. किडनीचा रिपोर्ट उद्या येईल.

तुमच्या घरातली म्हातारी माणसं कोणती गोळी घेतात आणि कोणती सोडून बसलीत, हे तुम्हाला खरंच माहीत आहे का?