दोघींपैकी कोण जास्त पळते?

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

मी नांदेडला पोलीस भरतीसाठी मुलींकडून धावण्याचा सराव करून घेतो. भोकरजवळच्या गावातली रेखा वर्षभर माझ्याकडे आहे. आली तेव्हा अर्ध्या फेरीतच बसायची. आता बहुतेकींच्या पुढं असते.

काल तिच्या वडिलांनी धाकट्या बहिणीला, छायाला, पाठवलं. फोनवर म्हणाले, "सर, गावात टँकरचं पाणी हाय. भरायला एक पोरगी घरी लागती. दोघींत जास्त पळंल तिलाच तिथं ठेवा."

आज सकाळी दोघींना पळवलं. छायानं कधी सराव केलेला नाही, तरी ती रेखाला कितीतरी मागं टाकून गेली.

रेखा म्हणाली, "सर, परत एकदा."

या वेळी छाया मुद्दाम मागं राहिली. ते कळल्यावर रेखा मधेच थांबली आणि रडत म्हणाली, "असं नको जिंकवूस मला!"

छाया म्हणाली, "तायडे, म्या काय केलं? मी अशीच पळती. तू तर लई मेहनत करायलीस."

दुपारी त्यांच्या वडिलांना फोन केला. "दोघींना राहू द्या," म्हणालो.

ते म्हणाले, "पाणी तुम्ही आणून देता का, सर?"

संध्याकाळी रेखा स्वतःहून पाणी भरायला गावी गेली.

छायाच्या अंगात वेग आहे. रेखानं तो घाम गाळून कमावला होता. तुम्ही असता तर कुणाला ठेवलं असतं?